शाळेत मुलाला त्रास होतोय, तक्रार कशी करायची? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत मुलांमुलांत होणाऱ्या छळाबद्दल पालक फार उशिरा बोलतात. बोलतात तेही बहुतेक वेळा तोंडी: गेटवर, फोनवर, पालकसभा उठताना घाईघाईत. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद राहत नाही. जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलल्या की सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ येते. म्हणून इथल्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल, लेखी द्या आणि पोच घ्या. माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या शाळांना धरून आहे.

साधी चिडवाचिडवी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

दोन मैत्रिणी भांडल्या, कट्टी झाली, दोन दिवसांनी पुन्हा एका डब्यात जेवायला लागल्या, तर त्यात मोठ्यांनी पडायचं कारण नाही. पण तेच चौघे रोज एकाच मुलाचा डबा बाकावरून बाकावर फेकतात, तो रडेपर्यंत थांबत नाहीत आणि बाकीचा वर्ग हसतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते. पुन्हा पुन्हा होणं, मुद्दाम होणं आणि समोरच्याला उलट उत्तर देता येऊ नये इतका ताकदीचा फरक असणं, या तीन खुणा पाहा. ताकद म्हणजे नुसतं अंगबळ नव्हे. वर्गात कोणाचा गट मोठा, कोण मॉनिटर, कोणाचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीत, हेही त्यात आलं.

रंग, उंची, वजन, बोबडं बोलणं, गावाकडची बोली, आईवडिलांचं काम, जात, धर्म, चष्मा, यातलं काहीही निमित्त होतं. मुलींमध्ये हाताचा वापर कमी आणि वाळीत टाकणं जास्त दिसतं. बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही, प्रोजेक्टच्या गटात घ्यायचं नाही, वाढदिवसाला सगळा वर्ग बोलवायचा आणि एकीला वगळायचं. याला जखम दिसत नाही म्हणून ते कमी समजू नका.

आणि एखादा प्रकार इतका गंभीर असतो की तो पुन्हा घडण्याची वाट पाहायची नसते. जिन्यावरून ढकललं, कपडे काढले, नको तिथे हात लावला, तर पहिल्याच वेळी तक्रार करा.

मूल काही सांगत नाही, पण वागणं बदललंय. कशावरून ओळखू?

डबा जसाच्या तसा परत येतो, किंवा मूल घरी येऊन आधाशासारखं खातं. कंपास, पट्टी, पाण्याची बाटली वरचेवर "हरवते". सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि सुट्टी मिळाली की थांबतं. एक खूण पालकांच्या लक्षातच येत नाही: शाळेतून आल्या आल्या मूल दप्तर टाकून थेट संडासात पळतं. शाळेतल्या स्वच्छतागृहात शिक्षक नसतात, त्यामुळे बराच त्रास तिथेच होतो. मग मूल दिवसभर पाणीच पीत नाही.

"तुला कोणी त्रास देतं का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, व्हॅनमध्ये तुझी जागा कुठली, पीटीच्या तासाला टीम कोण पाडतं, असं विचारा. समोर बसवून नको. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, अंथरुणात पडल्यावर मुलं जास्त बोलतात. सांगायला लागलं की मध्ये "मग तू काय केलंस?" हा प्रश्न घालू नका. तो मुलाला जाब विचारल्यासारखा ऐकू येतो.

मुलगी म्हणते, "आई, शाळेत सांगू नकोस, आणखी त्रास देतील." काय करू?

तिची भीती खरी आहे. बऱ्याच शाळांत शिक्षक वर्गातच उभं करून विचारतात, "कोण त्रास देतं तुला? दाखव." त्यानंतर त्या मुलीचं काय होत असेल ते ती जाणते. म्हणून "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा, "मी गप्प बसणार नाही, पण कोणाशी बोलते, काय बोलते, ते आधी तुला सांगेन." तक्रारीच्या अर्जात स्पष्ट लिहा की पाल्याला वर्गासमोर काहीही विचारू नये.

मूल जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं असं काही बोललं, लिहिलं, किंवा स्वतःला इजा करताना दिसलं, तर शाळेची प्रक्रिया बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्या. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

आधी वर्गशिक्षिकांना सांगावं की थेट मुख्याध्यापकांना?

मारहाण, धमकी, पैसे उकळणं किंवा लैंगिक स्वरूपाचं काही नसेल, तर वर्गशिक्षिकांपासून सुरुवात करणं चांगलं. वर्गात कोण कुठे बसतं, कोणाचा कोणावर वचक आहे, ते त्यांनाच ठाऊक असतं. पण गेटवर गाठू नका. वहीत किंवा मेसेजवर वेळ मागून घ्या, शक्य तर दोघं पालक जा, आणि घरी आल्यावर दोन ओळींचा मेसेज पाठवा: "आज आपण बोललो त्याप्रमाणे उद्यापासून जागा बदलणार आहात आणि शुक्रवारी मला कळवणार आहात. धन्यवाद." या दोन ओळी पुढे फार उपयोगी पडतात.

आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, आणि आता लेखी अर्ज. गंभीर प्रकारात मात्र पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या.

त्या मुलाच्या आईवडिलांशी मीच बोलले तर लवकर मिटणार नाही का?

क्वचित मिटतं, तेही आधीपासून घरोब्याचे संबंध असतील तर. एरवी "आमचा मुलगा असा नाहीच" इथून सुरुवात होते आणि दोन कुटुंबांचं भांडण उभं राहतं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुलाचं नाव अजिबात टाकू नका. ज्या मुलावर आरोप आहे तेही लहानच आहे. आणि शाळेबाहेर त्या मुलाला अडवून दम देणं हा सरळ गुन्हा ठरू शकतो. संतापाच्या भरात असं करणाऱ्या पालकाची तक्रार मग मागे पडते आणि चर्चा त्याच्याच वागण्याची होते.

लेखी तक्रारीत काय लिहायचं?

जे घडलं तेच, तारखेनिशी. "नेहमी छळतात", "शाळेचं लक्ष नाही" अशी वाक्यं खरी असली तरी त्यांवर कोणाला काही करता येत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहा. शेवटी नेमकं काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहा. नमुना असा:

प्रति,
मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव)

विषय: इयत्ता सहावी, तुकडी ब मधील माझ्या पाल्यास वर्गातील काही विद्यार्थ्यांकडून वारंवार होणाऱ्या त्रासाबाबत.

महोदय,
माझा मुलगा (नाव, हजेरी क्रमांक) आपल्या शाळेत शिकतो. दि. (तारीख) रोजी मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहात तीन विद्यार्थ्यांनी त्याला आत कोंडले व बाहेरून कडी लावली. तास सुरू झाल्यावर शिपाई मावशींनी दार उघडले. दि. (तारीख) रोजी त्याच विद्यार्थ्यांनी त्याची वही फाडली. फोटो सोबत जोडला आहे. दि. (तारीख) रोजी मी वर्गशिक्षिकांना याची कल्पना दिली होती. मुलगा आता शाळेत पाणी पीत नाही व शाळेत जाण्यास घाबरतो.

माझी विनंती:
मधल्या सुट्टीत त्या मजल्यावर शिक्षकांची देखरेख असावी. संबंधित विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी शाळेने स्वतंत्रपणे बोलावे. माझ्या मुलाला वर्गासमोर किंवा त्या विद्यार्थ्यांसमोर उभे करून चौकशी करू नये. (तारीख) रोजीचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. केलेली कार्यवाही मला (तारीख) पर्यंत लेखी कळवावी.

आपला विश्वासू,
(पालकाचं नाव, सही, मोबाइल क्रमांक, तारीख)

अर्जात त्रास देणाऱ्या मुलांची नावं घालायला हरकत नाही, पण त्यांना "गुंड", "वाया गेलेली" अशी विशेषणं लावू नका. अर्ज दोन प्रतींत काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. लिपिक म्हणाले, "ठेवून जा, साहेबांना दाखवतो," तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं आणि शाळेच्या ईमेलवर पाठवा.

सीसीटीव्हीची ओळ पहिल्याच अर्जात घाला, नंतर नाही. बहुतेक यंत्रांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण आपोआप होत राहतं, आणि चौकशी सुरू होईपर्यंत हवा तो दिवस पुसला गेलेला असतो.

पुरावा नसेल तर?

मुलाचं सांगणं हाही पुरावाच आहे. शाळेत तक्रार द्यायला कोर्टासारखी सिद्धता लागत नाही, चौकशी करणं हे शाळेचं काम आहे. तुम्ही एक साधी वही ठेवा: तारीख, जागा, काय घडलं, कोण जवळ होतं, मुलाचे शब्द. फाटलेला शर्ट धुण्याआधी, तुटलेली दप्तराची चेन दुरुस्त करण्याआधी फोटो काढा. मार लागला असेल तर डॉक्टरांच्या कागदावर "शाळेत मारहाण झाल्याचे सांगितले" अशी नोंद करून घ्या, नुसतं "खरचटणे" नको. मुलाच्या दप्तरात गुपचूप रेकॉर्डर ठेवून पाठवायचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही. सापडला तर मूल आणखी एकटं पडतं.

मुख्याध्यापक म्हणतात, "मुलं आहेत, चालायचंच. तुमचाच मुलगा जरा हळवा आहे." यावर काय बोलायचं?

हे वाक्य फार पालकांनी ऐकलेलं आहे. मुलगा हळवा आहे की नाही यावर वाद घालू नका, तिथेच बैठक संपते. "बरं. पण त्याला कोंडलं होतं, हे झालंय ना? ते पुन्हा होऊ नये म्हणून सोमवारपासून काय करणार?" इतकंच विचारत राहा. आवाज न चढवता, तोच प्रश्न. बैठकीत कोण हजर होतं आणि काय ठरलं ते घरी येऊन ईमेल करा.

जागा बदलणं, मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये शिक्षक उभे राहणं, समुपदेशकांकडे दोन्ही बाजूंच्या मुलांना वेगवेगळं पाठवणं, विश्वासाचा एक शिक्षक ठरवून देणं, या गोष्टी कोणत्याही शाळेला जमतात. फक्त तुकडी बदलायची असेल तर ती त्रास सोसणाऱ्याचीच का, हे जरूर विचारा. दोघांना एका खोलीत बसवून "हात मिळवा, सॉरी म्हणा" हा उपाय शाळांना सोपा वाटतो. जिथे एका बाजूला भीती आहे तिथे तो उलटतो, म्हणून त्याला नम्रपणे नकार द्या.

शाळेत यासाठी कोणती समिती असते?

मंडळानुसार वेगळं आहे. सीबीएसईने २०१५ मध्ये शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं. त्यात उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर अर्जातच समितीच्या सदस्यांची नावं मागा.

महाराष्ट्रात शाळांमध्ये तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर राज्य सरकारने या दोन्हींबद्दल, तसंच सीसीटीव्हीबद्दल पुन्हा कडक आदेश काढले. पेटी भिंतीला आहे का एवढंच पाहू नका. ती कोण उघडतं, कधी उघडतं, आत आलेल्या चिठ्ठ्यांची नोंद कुठे होते, हे पालकसभेत विचारा. मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर टांगलेल्या पेटीत कोणतंही मूल चिठ्ठी टाकत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या बैठका एरवी फी आणि स्नेहसंमेलनात संपतात. "मुलांची सुरक्षितता" हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी मागून घ्या, म्हणजे तो इतिवृत्तात येतो. तिथे आपल्या मुलाचं प्रकरण मांडू नका, व्यवस्थेबद्दल बोला. दोन-तीन पालक हळूच नंतर येऊन "आमच्याकडेही हेच" म्हणतात असा अनुभव आहे.

शाळेनं दादच दिली नाही. आता कुठे?

जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामीण भागातल्या शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. त्यांच्यावर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी: पहिली ते आठवीसाठी प्राथमिक, नववीपासून माध्यमिक. महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेचे शिक्षणाधिकारी किंवा प्रशासनाधिकारी. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी विभागवार शिक्षण निरीक्षक आहेत. त्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळा असेल तर मंडळालाही प्रत पाठवा. "आम्ही राज्य मंडळाचे नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचा आमच्याशी संबंध नाही" असं शाळा म्हणाली तरी थांबू नका. शाळा चालवायची मान्यता राज्याकडूनच लागते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय ३ महिन्यांत व्हायला हवा. न पटल्यास महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. मोठ्या मुलांसाठीही आयोगाकडे थेट तक्रार करायला अडचण नाही. अर्जासोबत शाळेला दिलेल्या अर्जाची पोच जोडा. ती नसेल तर "आधी शाळेत जा" असं सांगून परत पाठवतात.

कार्यालयात महिनाभर कागद हलला नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका आणि एकच विचारा: "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही आणि त्यावरील टिपणीची प्रत द्यावी." उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पुष्कळदा मूळ अर्ज तेवढ्यानं हलतो.

शिक्षकच मुलाला हिणवतात किंवा मारतात. तक्रार वेगळी असते का?

हो, इथे कायदा जास्त स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. वर्गात "ढ" म्हणून उभं करणं, फी थकली म्हणून सगळ्यांसमोर नाव घेणं, हेही मानसिक छळात येतं. मारहाण किंवा क्रूर वागणूक असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ लागू शकतं. ज्यांच्या ताब्यात मूल सोपवलेलं असतं त्यांच्यासाठी त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशी तक्रार मुख्याध्यापकांना द्याच, पण प्रत शिक्षणाधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी द्या.

रॅगिंगचा कायदा शाळेला लागू होतो का?

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ मध्ये शिक्षण संस्थेची व्याख्या व्यापक आहे. कॉलेजबरोबर शिक्षण देणारी इतर संस्था, वसतिगृह, शिकवणी वर्गही त्यात येतात. चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, विद्यार्थ्याला लाज किंवा भीती वाटेल असं काही करायला लावणं म्हणजे रॅगिंग. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. टाळाटाळ करणारा प्रमुख स्वतः अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला साथ दिल्याचा, दोषी धरला जातो.

वसतिगृहं, आश्रमशाळा, निवासी शाळा आणि अकरावी-बारावीसाठी हा कायदा फार महत्त्वाचा आहे, कारण तिथे मूल रात्रीही त्याच मुलांमध्ये असतं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी तो उगारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे देखरेख आणि समुपदेशन लागतं.

जातीवरून किंवा अपंगत्वावरून बोलत असतील तर?

अर्जात ते शब्द जसेच्या तसे लिहा. लाजेनं "अपशब्द वापरले" असं लिहिलं तर गांभीर्य निघून जातं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिक्षक किंवा कर्मचारी तसं बोलत असतील तर थेट पोलिसांकडे जाता येतं. दिव्यांग मुलाचा सर्वांसमोर मुद्दाम अपमान करण्याबद्दल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९२ आहे. त्यासाठी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडेही तक्रार करता येते.

लैंगिक स्वरूपाचं काही घडलं असेल तर?

मग शाळेच्या समितीची वाट पाहू नका. पॉक्सो कायदा २०१२ मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू" म्हणणाऱ्यांना हे सांगा. मुलाचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही उघड करणं गुन्हा आहे. त्यामुळे तुम्हीही संतापून समाजमाध्यमांवर लिहू नका.

घडलेली गोष्ट मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. एकदा सांगितलं तेवढं तारखेसह लिहून ठेवा. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा.

त्रास इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर होतोय. शाळा म्हणते, हे शाळेबाहेरचं आहे.

मेसेज रात्री दहाला आला तरी तो वाचून मूल सकाळी त्याच बाकावर जाऊन बसतं, त्यामुळे शाळेला हात झटकता येत नाहीत. स्क्रीनशॉट काढा, त्यात अकाउंटचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मगच ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर पुरावा हातचा जातो. मॉर्फ केलेले फोटो, खोटं अकाउंट, धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीच्या विभागात तक्रार करता येते, तिथे नाव न देण्याचीही सोय आहे. मुलाचा फोन काढून घेणं ही पहिली प्रतिक्रिया टाळा. फोन जाईल या भीतीनंच मुलं महिनोन्‌महिने सांगत नाहीत.

स्कूल बसमध्ये त्रास होतो. जबाबदार कोण?

२०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधीही असतो. बसमध्ये सहायक, आणि मुली असतील तर महिला सहायक हवी. मागची सीट आणि शेवटचा थांबा या दोन जागा विचारून घ्या. लहान मुलांना पुढे बसवायची साधी सूचना कधीकधी सगळा प्रश्न सोडवते. खाजगी व्हॅन असेल तर व्हॅनकाकांशी आधी तुम्हीच बोला. मुलांत काय चाललंय ते आरशात त्यांना रोज दिसतं.

पोलिसांत गेलो तर त्या मुलाला तुरुंगात टाकतील का?

नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा धरलं जात नाही. फार गंभीर गुन्हा नसेल आणि कोणी मोठा माणूस सामील नसेल तर मुलाविरुद्ध एफआयआरही होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला जातो. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच भेटायचं आहे असं सांगा. पोलीस ठाण्याची पायरी चढायची नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. मूल स्वतःही करू शकतं. तो क्रमांक मुलाला पाठ करून द्या. तातडीच्या वेळी ११२.

तक्रार केली म्हणून शाळा माझ्या मुलाला काढून टाकेल का?

आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तसं सांगतं. "तुम्हाला पटत नसेल तर दाखला घेऊन जा" हे तोंडी सांगितलं जातं, लेखी कोणी देत नाही. त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपण दाखला नेण्यास सुचवले. आम्ही दाखला मागितलेला नाही." इतकंच. प्रात्यक्षिकाचे गुण अचानक कमी झाले, स्नेहसंमेलनातून नाव काढलं, तर तेही तारखेनिशी वहीत टिपा आणि पुढच्या अर्जात घाला.

गोव्यात काही वेगळं आहे का?

गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे. मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं त्यात बाल अत्याचारात मोडतं, आणि अशा खटल्यांसाठी पणजीला स्वतंत्र बाल न्यायालय आहे. शाळेतली पहिली पायरी तीच: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच, मग शिक्षण खातं. १०९८ तिथेही चालतो.

माझ्याच मुलाबद्दल तक्रार आलीय. मी काय करू?

शाळेत त्याची बाजू लढवायच्या आधी घरी शांतपणे ऐकून घ्या. "तू असं केलंस का?" यापेक्षा "त्याच्याशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांग" असं विचारा. मारून सरळ करायला जाऊ नका. ज्याच्या हातात ताकद त्याचं खरं, हेच त्यातून मूल शिकतं आणि वर्गात जाऊन वापरतं. दुसऱ्या मुलाच्या पालकांना शाळेमार्फत कळवा की तुम्ही लक्ष घातलं आहे. फोडलेली, फाडलेली वस्तू भरून द्या, आणि ती मुलाच्या खाऊच्या पैशातून जाऊ द्या. कधी कधी कळतं की हेच मूल दुसरीकडे, क्लासमध्ये किंवा घरातच मोठ्या भावाकडून, मार खातंय. मग समुपदेशकाची गरज त्यालाही आहे.

सगळं करून झालं. शाळा बदलावी का?

मुलाला विचारून ठरवा. काही मुलांना नवी शाळा म्हणजे सुटका वाटते, काहींना "मीच का जाऊ?" हा सल राहतो. शाळा सात-आठ महिने टोलवत असेल आणि मूल खचत असेल, तर लढाई जिंकण्यासाठी त्याला तिथे ठेवू नका. तक्रार शाळा सोडल्यावरही चालू ठेवता येते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आठवीपर्यंत मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायला हवा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून वाचा. "वर्तणूक" आणि "शाळा सोडण्याचे कारण" हे दोन रकाने पाहा. वर्तणुकीपुढे "चांगली" हवं. कारणापुढे "पालकांच्या विनंतीवरून" असेल तर हरकत नाही. पण मुलाला दोष लागेल असं काही लिहिलेलं असेल तर तो दाखला घेऊन निघू नका. दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहा आणि त्याचीही पोच घ्या.